वाट वाचवायची, तर पाणी वळवा!

तुमच्या गावाजवळच्या टेकडीवर जाणारी एखादी पायवाट डोळ्यांपुढे आणा. मे महिन्यात ती पांढुरकी, धुळीने भरलेली आणि अगदी निरुपद्रवी दिसते. तीच वाट सप्टेंबरात पाहा. मधोमध चर पडलेला असतो, कडेच्या झाडांची मुळे उघडी पडलेली असतात आणि माणसे चरातून न जाता शेजारच्या गवतातून चालू लागलेली असतात. पुढच्या पावसाळ्यात गवतातल्या त्या नव्या वाटेलाही चर पडतो. मग तिसरी वाट सुरू होते. काही वर्षांत एका वाटेच्या जागी टेकडीच्या अंगावर पाच-सहा ओरखडे उमटतात.

ही वाट कोणी बिघडवली? चालणारा सायकलवाल्याकडे बोट दाखवील, सायकलवाला गुरांकडे दाखवील आणि गुराखी बहुधा आभाळाकडे पाहील. पुढे दिसेल, की यांत गुराख्याचे उत्तर सत्याच्या सर्वांत जवळचे आहे!

परदेशांत काही डोंगरांवर याच प्रश्नावरून मोठे वाद झाले. त्या वादांतून एक मोठे काम उभे राहिले. डोंगरात सायकल चालवण्याची हौस असलेली माणसे सुट्टीच्या दिवशी कुदळ-फावडे घेऊन डोंगरावर जातात आणि एक पैसाही न घेता वाटा दुरुस्त करतात. कधीकधी तर एक आख्खी वाट मोडून ती दुसरीकडे नव्याने आखतात. हे काम केवळ अंगमेहनतीचे नाही. तुम्ही शाळेत जे भौतिकशास्त्र आणि जी त्रिकोणमिती शिकता, तिच्यावरच ते उभे आहे. कसे, ते पाहू या.

तापलेल्या ब्रेकची गोष्ट

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला मरिन नावाचा परगणा आहे. त्यातल्या माउंट टॅमलपाइस या डोंगराच्या परिसरात १९७० नंतरच्या दशकात काही तरुण जुन्या, वजनदार, जाड टायरांच्या सायकली दुरुस्त करून डोंगरउतारावर पिटाळू लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर त्यांची पहिली शर्यत झाली. सुमारे ३.४ किलोमीटर अंतरात हा रस्ता जवळजवळ ४०० मीटर खाली उतरतो.

या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. पेडल उलटे दाबले की तो लागे. पायथ्याशी पोहोचेपर्यंत हब इतका तापे, की आतले ग्रीस जळून त्याचा धूर होई. मग हब उघडून त्यात पुन्हा ग्रीस भरावे लागे. पुन्हा भरणे म्हणजे इंग्रजीत 'रीपॅक', म्हणून त्या रस्त्याचे नावच 'रीपॅक' पडले.

आपण थोडा हिशेब करू. स्वार आणि सायकल मिळून १०० किलोग्रॅम वस्तुमान धरा. ४०० मीटर उंचीवर त्यांची स्थितिज ऊर्जा १०० × ९.८ × ४०० = ३,९२,००० ज्यूल होते. एक लिटर पाणी २० अंश सेल्सिअसपासून उकळीपर्यंत तापवायला सुमारे ३,३५,००० ज्यूल लागतात. म्हणजे डोंगरमाथ्यावरून खाली येताना जी ऊर्जा कोठेतरी खर्च व्हायला हवी, ती लिटरभर पाणी उकळून वर उरेल एवढी आहे. तिचा काही भाग हवेच्या विरोधात आणि टायरांच्या घर्षणात जातो. उरलेली सारी ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. ग्रीस जळेल नाही तर काय!

हा हिशेब लक्षात ठेवा. कारण डोंगरावरून केवळ सायकलच उतरत नाही, पाणीही उतरते. त्यालाही तेवढीच ऊर्जा खर्च करावी लागते, आणि पाण्याला ब्रेक नसतो.

खेळ वाढला, वाद वाढला

१९७७ साली जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी सायकलीचा सांगाडा बनवला. १९७९ साली गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकली विकण्याचा व्यवसाय सुरू केला. 'माउंटन बाइक' हे नाव रूढ झाले आणि १९८० नंतरच्या दशकात या सायकली जगभर पसरल्या.

त्याबरोबर तक्रारीही सुरू झाल्या. अरुंद वाटेवर वळणाआडून भरधाव सायकल आली की चालणारा दचके आणि घोडा बुजे. शिवाय वाटा उखडत होत्या, आणि त्याचा दोष चाकांवर आला. जेथे या खेळाचा जन्म झाला, त्या मरिनमध्येच बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या आणि रुंद रस्त्यांवर ताशी १५ मैलांची वेगमर्यादा आली.

सायकलवाल्यांपुढे दोन मार्ग होते. एक भांडत बसण्याचा आणि दुसरा कामाला लागण्याचा. १९८८ साली कॅलिफोर्नियातील पाच क्लबांनी एकत्र येऊन इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन ही संस्था स्थापन केली. वाटेवर सभ्यपणे कसे वागावे हे सायकलस्वारांना शिकवणे आणि वाटा स्वतःच्या हातांनी राखणे, हे तिचे प्रमुख काम ठरले. जो वाट वापरतो त्याने ती राखावी, हा विचार साधा असला तरी त्याचा परिणाम मोठा झाला. जमिनीचे व्यवस्थापन पाहणारे अधिकारी तक्रार घेऊन आलेल्या माणसापेक्षा फावडे घेऊन आलेल्या माणसाचे म्हणणे अधिक लक्ष देऊन ऐकतात!

चाक की पाणी?

पण वाट नेमकी कशाने बिघडते? मत देण्यापेक्षा मोजून पाहणे बरे. १९९४ साली विल्सन आणि सेनी या संशोधकांनी मोंटाना राज्यातील डोंगरवाटांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी वाटेचे १०८ तुकडे निवडले. काहींवरून माणसे चालवली, काहींवरून घोडे, काहींवरून मोटारसायकली आणि काहींवरून सायकली नेल्या. मग त्यांवर कृत्रिम पाऊस पाडून वाहून आलेली माती मोजली. घोड्यांच्या टापांनी सर्वांत जास्त माती मोकळी केली. आधी भिजवलेल्या वाटेवर तर टापा आणि पावले यांनी चाकांपेक्षा अधिक माती सुटी केली.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या एका जंगलात थर्स्टन आणि रीडर यांनी केलेला दुसरा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. ज्या जमिनीवर आधी वाट नव्हतीच, तेथे काही पट्ट्यांवरून ५०० वेळांपर्यंत माणसे चालवली आणि काहींवरून तितक्याच वेळा सायकली नेल्या. दोन्हींमुळे झालेल्या नुकसानीत लक्षणीय फरक आढळला नाही. विशेष म्हणजे, वापर बंद केल्यावर वर्षभरात तेथील झाडोरा पुष्कळसा भरून आला.

याचा अर्थ सायकल निर्दोष आहे असा नाही. फिरणारे चाक जमिनीवर दाब देत पुढे जाते, पण ब्रेक करकचून दाबला की चाक थांबते आणि घसरत जाते. असे चाक जमिनीला समांतर बल लावून मातीचा वरचा थर खरवडून काढते. म्हणूनच घसरत ब्रेक मारू नका, ओल्या वाटेवर जाऊ नका, हे सायकलस्वारांना पुनःपुन्हा सांगावे लागते. पण पावले, टापा आणि चाके ही सारी माती फक्त सुटी करतात. सुटी झालेली माती डोंगरावरून उचलून नेणारा हमाल वेगळाच आहे. तो म्हणजे पाणी.

चौसष्टपट ताकदीचा हमाल

वाहते पाणी केवढा दगड ढकलू शकेल? दगडावर पाण्याचे बल त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, तसेच दगडाच्या समोरील क्षेत्रफळाच्या, म्हणजे त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दगडाचे वजन मात्र व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. दगड जेमतेम हलेल अशा वेळी ढकलणारे बल आणि वजनाचा विरोध यांची बरोबरी होते. ही बरोबरी कागदावर मांडून पाहा. हलू शकणाऱ्या मोठ्यात मोठ्या दगडाचा व्यास वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात येतो. म्हणजेच त्याचे वजन वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात येते!

वेग दुप्पट झाला, तर हलवता येणाऱ्या दगडाचे वजन २ चा सहावा घात, म्हणजे ६४ पट होते. वेग तिप्पट झाला तर ७२९ पट. ज्या ओहोळात काल फक्त गाळ वाहत होता, त्यात आज धोंडे गडगडत का येतात, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

आता वाटेकडे वळू. एक मीटर रुंद आणि १०० मीटर लांब अशी उताराची वाट घ्या. तिचे क्षेत्रफळ १०० चौरस मीटर झाले. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर एकट्या वाटेवर ५ घनमीटर, म्हणजे ५,००० लिटर पाणी पडते. वाट पन्हळीसारखी खोलगट असेल तर हे सगळे पाणी तिच्यातूनच खाली जाते. वरच्या उतारावरून येणारे पाणी तर आणखी वेगळे. खाली जाताना पाणी साठते, खोल होते, आणि पाणी खोल झाले की तळाच्या घर्षणाचा अडथळा तुलनेने कमी पडून ते अधिक वेगाने धावते. अधिक वेग म्हणजे अधिक खोल चर, आणि अधिक खोल चर म्हणजे अधिक वेग! हे चक्र एकदा सुरू झाले की सायकली बंद करूनही थांबत नाही.

तीस सेंटिमीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर खोल असा चर १०० मीटर पडला, तर ६ घनमीटर माती गेली. घनमीटरला दीड टन धरला तर ती नऊ टन भरते. निसर्गाला एक सेंटिमीटर जाडीची माती तयार करायला शंभराहून अधिक वर्षे लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे हे नुकसान किती मोठे आहे ते कळेल.

आणि म्हणूनच नवखा माणूस चर दिसला की त्यात माती भरतो, तर जाणता स्वयंसेवक आधी विचारतो, "येथे पाणी कोठून येते आणि ते बाहेर कोठून काढता येईल?" भरलेली सुटी माती पहिल्याच पावसात वाहून जाते. पाणी बाहेर काढले, तर चर वाढायचा थांबतो.

साठ अंशांचे गुपित

पाणी वाटेवरून लवकर बाहेर जावे यासाठी तीन युक्त्या वापरतात.

पहिली युक्ती म्हणजे बाहेरचा उतार. डोंगराच्या कुशीतून जाणारी वाट आडवी अगदी सपाट न ठेवता दरीच्या बाजूला किंचित, सुमारे ५ टक्के, कललेली ठेवतात. म्हणजे एक मीटर रुंदीला पाच सेंटिमीटर. पाणी वाटेला आडवे ओलांडून पलीकडच्या गवतात जाते.

दुसरी युक्ती म्हणजे मधूनमधून उलटा चढ. उतरणारी वाट थोडे अंतर वर चढवायची आणि पुन्हा खाली न्यायची. पाण्याला चढता येत नाही, म्हणून ते त्या खोलगट जागी वाट सोडून बाहेर पडते. वरच्या उदाहरणात दर १० मीटरांवर असा उलटा चढ ठेवला, तर कोणत्याही एका जागी ५,००० ऐवजी फक्त ५०० लिटर पाणी जमेल. सायकलस्वाराला या चढउतारांची गंमत वाटते, आणि त्याचा वेगही ब्रेक न दाबता आपोआप कमी होतो.

तिसरी युक्ती सर्वांत महत्त्वाची. तिला 'निम्म्याचा नियम' म्हणू. डोंगराचा स्वतःचा उतार जेवढा असेल, त्याच्या निम्म्याहून वाटेचा उतार अधिक नसावा. डोंगर दर १०० मीटरला ३० मीटर उतरत असेल, म्हणजे त्याचा उतार ३० टक्के असेल, तर वाट १५ टक्क्यांपर्यंत चालेल. त्याशिवाय वाटेचा सरासरी उतार १० टक्क्यांच्या आसपास ठेवावा असे मानतात.

हा निम्मा आला कोठून? डोंगरावर चेंडू सोडला तर तो ज्या दिशेने घरंगळेल, तिला थेट उताराची दिशा म्हणू. नकाशावर वाटेने या दिशेशी केलेला कोन मोजा. वाटेचा उतार म्हणजे डोंगराचा उतार गुणिले त्या कोनाची कोज्या. कोज्येची किंमत निम्मी, म्हणजे ०.५, केव्हा होते? कोन ६० अंश असताना! निम्म्याचा नियम म्हणजे दुसरे तिसरे काही नसून, वाट थेट उताराच्या दिशेपासून निदान ६० अंश वळलेली असावी, एवढेच. इतकी वळलेली वाट पाण्याच्या दिशेला आडवी पडते. पाणी तिच्यावरून धावत सुटत नाही, तिला ओलांडून जाते.

यातून एक अनपेक्षित गोष्टही कळते. समजा, जमीन फक्त ६ टक्के उताराची आहे आणि तिच्यावरची वाट ५ टक्के उताराची आहे. वाट किती सौम्य, असे कोणालाही वाटेल. पण ५ भागिले ६ म्हणजे ०.८३, आणि ही सुमारे ३४ अंशांची कोज्या. म्हणजे वाट जवळजवळ थेट उताराच्या दिशेनेच चालली आहे. पाणी एकदा तिच्यात शिरले की बाहेर पडायला जागाच नाही. अशा जवळजवळ सपाट जागी वाटेचा चिखल होतो, लोक चिखल चुकवून कडेने जातात आणि वाट रुंद होत जाते.

वाट उचलून दुसरीकडे

वाट मुळातच थेट उताराने गेलेली असेल, तर कितीही डागडुजी करा, ती टिकत नाही. तेव्हा तेवढा भाग बंद करून नवी आखणी करतात. घाटरस्त्याने प्रवास केलेल्या कोणालाही ही कल्पना सहज कळेल. अंतर वाढवायचे आणि उतार घटवायचा.

पहिले काम परवानगीचे. जमीन ज्याची किंवा ज्या खात्याची असेल, त्याची संमती हवी. दुर्मीळ वनस्पती, पक्ष्यांच्या विणीच्या जागा, ओढ्यांचे काठ हे टाळावे लागतात. काही डोंगरांवर वाट काढूच नये, असाही निर्णय घ्यावा लागतो. परवानगीशिवाय काढलेल्या चोरवाटांनी अनेक ठिकाणी जंगलाचे नुकसान केले आहे, आणि सायकलस्वारांची पतही घालवली आहे.

मग उतारमापक घेऊन दोघे चालू लागतात. एक पुढे, एक मागे. पुढच्याच्या डोळ्याच्या उंचीवर नेम धरून मागचा उतार वाचतो. बरोबर जमला की झाडाला रंगीत फीत बांधतात. ही पाहणी पावसात करणारेही असतात, कारण तेव्हा पाणी स्वतःच दाखवते, की त्याला कोठून जायचे आहे.

त्यानंतर खोदकाम. डोंगराच्या कुशीत पायरीसारखा काप घेऊन वाट पूर्णपणे पक्क्या जमिनीवर बसवतात. खणलेली माती दरीच्या बाजूला टाकून तिच्यावर अर्धी वाट बांधली, तर तो भाग लवकरच ढासळतो. हे काम किती असते? ५० टक्के उताराच्या डोंगरावर एक मीटर रुंद वाट कापायची, तर कापाचा छेद काटकोन त्रिकोणाचा होतो. त्याचा पाया १ मीटर, उंची ०.५ मीटर, क्षेत्रफळ ०.२५ चौरस मीटर. शंभर मीटर वाटेला २५ घनमीटर, म्हणजे साडेसदतीस टन माती हलवावी लागते. पंचवीस स्वयंसेवक आले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड टन!

त्यांची हत्यारेही पाहण्यासारखी असतात. 'पुलास्की' या हत्याराला एका बाजूला कुऱ्हाडीचे आणि दुसऱ्या बाजूला सुताराच्या वाकसासारखे आडवे पाते असते. मुळे तोडायची आणि माती खणायची, दोन्ही कामे एकाने होतात. हे नाव अमेरिकेच्या वनखात्यातील एड पुलास्की याचे. १९१० सालच्या ऑगस्टमध्ये आयडाहो राज्यात जंगलाला प्रचंड वणवा लागला, तेव्हा त्याने आपल्या तुकडीला एका खाणीच्या बोगद्यात नेऊन बहुतेकांचे प्राण वाचवले होते. दुसरे हत्यार 'मॅक्लाउड'. त्याला एका बाजूला दाताळे आणि दुसऱ्या बाजूला रुंद पाते असते. त्याने माती ओढायची, सारखी करायची आणि शेवटी ठोकून बसवायची.

माती ठोकण्यासाठी ती किंचित ओली असावी लागते. कोरडी वाळू मुठीत धरली तर निसटते, पण ओलसर वाळूचा किल्ला उभा राहतो. कणांमधल्या पाण्याच्या पातळ थरांचे पृष्ठताण कणांना एकमेकांकडे ओढून धरते. फार पाणी झाले की मात्र तोच किल्ला ओघळतो. म्हणून वाट बांधणारे कडक उन्हाळा आणि मुसळधार पाऊस दोन्ही टाळतात.

शेवटचे काम जुनी वाट बुजवण्याचे, आणि तेच बहुतेकांच्या हातून राहून जाते. जुनी वाट उघडी राहिली तर लोक सवयीने तीच धरतात आणि पाणीही तिच्यातूनच धावते. म्हणून तिची दाबून घट्ट झालेली माती खणून भुसभुशीत करतात, चरात ठिकठिकाणी ओंडके व दगड आडवे घालून पाणी अडवतात, वर पालापाचोळा पसरतात आणि तेथीलच रोपे लावतात. तिची दोन्ही टोके फांद्या रोवून अशी झाकतात, की येथे वाट होती हे कोणाला कळूही नये. नवी वाट सर्वांना दिसते. बुजवलेली वाट कोणालाच दिसली नाही, म्हणजे काम साधले!

पावसाळी डोंगरावरचा धडा

कॅनडातील व्हँकूव्हर शहराच्या उत्तरेकडील डोंगरांवर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माउंट फ्रॉम आणि माउंट सीमोर या डोंगरांवर स्वयंसेवकांनी दलदल ओलांडण्यासाठी लाकडांचे शिडीसारखे अरुंद पूल बांधले. ते जगभरच्या सायकलस्वारांत प्रसिद्ध झाले. पण ओल्या जंगलात लाकूड कुजते. पूल बदलावे लागले आणि अनेक ठिकाणी लाकडाऐवजी दगडांची फरसबंदी करावी लागली. १९९७ साली तेथे नॉर्थ शोअर माउंटन बाइक असोसिएशन स्थापन झाली. तिने वाटा दत्तक देण्याची पद्धत सुरू केली. एखादा गट एक वाट आपली मानतो आणि वर्षभर तिची काळजी घेतो.

दगडांची फरसबंदी आपल्याला नवी नाही. जुन्नरजवळचा नाणेघाट हा सातवाहनकाळापासूनचा व्यापारी मार्ग. त्याच्या दगडी वाटेवरून आजही चढता येते. सह्याद्रीतला पाऊस त्या कॅनडातील डोंगरांपेक्षाही जोरदार असतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. आपल्या किल्ल्यांच्या आणि टेकड्यांच्या वाटांवर सुट्टीच्या दिवशी शेकडो पावले पडतात. नियम तोच, पाणी तेच, फक्त येथे ते अधिक घाईने येते.

तुम्ही करून पाहा

एक पसरट पत्र्याचा ट्रे घ्या. त्यात चार सेंटिमीटर जाडीची ओलसर माती दाबून बसवा. एका कडेखाली विटा ठेवून त्याला उतार द्या. काठीने थेट उताराच्या दिशेने एक उथळ रेघ ओढा. झाकणाला बारीक भोके पाडलेल्या बाटलीतून ठरावीक उंचीवरून दोन लिटर पाणी शिंपडा. खाली येणारे गढूळ पाणी भांड्यात जमवा, दोन दिवस निवू द्या, वरचे पाणी काढून तळची माती वाळवा आणि तिचे वजन करा. मग माती नवी भरून हाच प्रयोग दोनदा करा. एकदा रेघ ६० अंश वळवून, आणि एकदा रेघेच्या मध्ये दोन ठिकाणी मातीचे लहान उंचवटे करून. पाणी, उतार आणि वेळ तिन्ही वेळा सारखे ठेवायला विसरू नका, नाही तर तुलना करता येणार नाही.

दुसरा प्रयोग टेकडीवर करायचा. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून त्याला एक नट लटकवा. कोनमापकाची सरळ कड उताराला समांतर धरली, की दोरा ९० अंशांच्या खुणेपासून जितका सरकेल तितका उताराचा कोन. एकदा वाटेच्या दिशेने आणि एकदा थेट उताराच्या दिशेने कोन मोजा, दोन्हींच्या स्पर्शज्या काढा आणि पहिलीला दुसरीने भागा. उत्तर ०.५ हून अधिक आले, तर तेथे चर पडलेला आहे का ते पाहा. अशा दहा-बारा जागांची नोंद केली, की तुमच्या टेकडीचा तक्ता तयार होईल. कोणत्या ठिकाणी वाट वळवायला हवी, हे त्या तक्त्यावरून कोणालाही सांगता येईल.

मात्र मोजायला सर्वांना मोकळीक असली, तरी खणायला नाही. वनजमिनीवर वनखात्याची आणि संरक्षित किल्ल्यांवर पुरातत्त्व खात्याची परवानगी घेतल्याशिवाय कुदळ लावू नये. पण शिक्षकांना बरोबर घेऊन, आकड्यांचा तक्ता हातात धरून परवानगी मागायला गेलात, तर तुमचे म्हणणे ऐकले जाण्याची शक्यता वाढते. आणि तोवर एक गोष्ट आजपासूनच करता येईल. पुढच्या वेळी टेकडीवर चिखल लागला, तर तो चुकवायला गवतात पाय टाकू नका. सरळ मधून जा. बूट धुता येतात. गेलेली माती परत आणता येत नाही.